डावी कड कुणाची? वाचकांचे प्रश्न, जुन्या ड्रायव्हरची उत्तरं

गेल्या अंकात संपादकांनी गाडीवाले आणि सायकलवाले यांच्या भांडणावर प्रश्न मागवले होते. पत्रं भरपूर आली. त्यातली बरीचशी नुसती शिव्यांची होती, ती बाजूला ठेवली आहेत. मी आधी बेस्टची बस चालवली, मग नव्या ड्रायव्हरांना शिकवलं, आणि त्या सगळ्या काळात नायगावच्या घरातून वडाळा डेपोला सायकलनंच जायचो. त्यामुळे दोन्ही बाजूंना मी आपलाच माणूस वाटतो, आणि उत्तर वाचलं की दोन्ही बाजू रागावतात.

प्रश्न : मी रोज चेंबूरहून बीकेसीला, म्हणजे वांद्रे-कुर्ला संकुलात, गाडीनं जाते. परवा एक सायकलवाला डाव्या कडेनं नीट चालला होता आणि अचानक माझ्यासमोर आला. मी ब्रेक दाबला, हॉर्न वाजवला. पुढच्या सिग्नलला त्यानं येऊन काचेवर थाप मारली आणि वाटेल ते बोलला. मी रोड टॅक्स भरते, विमा भरते, माझ्याकडे लायसन्स आहे. त्याच्याकडे यातलं काय आहे? आणि चूक कुणाची?
एक वाचक, चेंबूर

ताई, टॅक्सचं आधी उरकून टाकू. वाहन कर राज्य सरकारकडे जातो. मुंबईतले बहुतेक रस्ते महापालिका स्वतःच्या अंदाजपत्रकातून बांधते, आणि त्या तिजोरीत सायकलवाल्याच्या घराचाही पैसा असतो. सायकलला लायसन्स लागत नाही, कारण १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या हिशेबात ती मोटार वाहनच नाही. थोडक्यात, रस्ता दोघांचा. काचेवर थाप मारणं चूक, आणि ‘वाटेल ते’ तर चूकच.

आता ‘अचानक’कडे येऊ. पुढच्या वेळी गाडीत बसाल तेव्हा सायकलवाल्याकडे बघू नका, तो जिथून जातो त्या डाव्या कडेकडे बघा. तिथे एक गाडी उभी, तिला चिकटून दुसरी. मग माल उतरवणारा टेम्पो. मग रिक्षा स्टँड, आणि त्याची शेवटची रिक्षा तिरकी. मग गटाराची जाळी, जिच्या सळया चाकाच्याच दिशेनं टाकलेल्या, म्हणजे बारीक टायर सरळ आत. मग खोदून बुजवलेला पट्टा, त्यात पेव्हर ब्लॉक, आणि त्यातले दोन खचलेले. कायदा आणि रीत दोन्ही सायकलवाल्याला सांगतात की डावीकडून चाल, आणि डावीकडे जागाच शिल्लक नसते. त्याला ती जाळी आधीच दिसलेली असते, कारण त्याची नजर जमिनीवर असते. तुमची नजर पुढच्या गाडीच्या दिव्यांवर. त्याला कळून चुकलेलं असतं की आता उजवीकडे सरकावं लागणार, तुम्हाला ते तो सरकल्यावर कळतं. तुमच्या पत्रातला ‘अचानक’ तुमच्या बाजूचा आहे, त्याच्या बाजूचा नाही.

नवा ड्रायव्हर शिकायला आला की मी त्याला सांगायचो, सायकल दिसली की सायकल बघू नकोस, तिच्या पुढची दहा पावलं बघ. तिथे उभी गाडी असेल तर सायकल बाहेर येणार हे धरूनच चल. हे जमलं की निम्मे ब्रेक वाचतात.

दुसरी गोष्ट दरवाजाची. उभ्या गाडीचं दार पूर्ण उघडलं की साधारण मीटरभर बाहेर येतं. शहाणा सायकलवाला त्या ओळीपासून मीटरभर लांब चालतो, म्हणजे तो थेट तुमच्या लेनमध्ये येतो. तुम्हाला तो उर्मटपणा वाटतो. खरं तर तो त्याच्या कवटीचा विचार करत असतो. त्याच्या बाजूनं निदान मीटरभर, जमलं तर दीड मीटर जागा ठेवून जाता येत असेल तर जा, नाहीतर मागे थांबा. किती थांबावं लागेल? सायकल तासाला पंधरा किलोमीटरनं चालली आणि जागा मिळायला शंभर मीटर लागले, तर चोवीस सेकंद. कलानगरच्या सिग्नलला त्याहून जास्त वेळ तुम्ही कुणावरही न चिडता उभ्या असता.

आणि हॉर्न. मागून जवळ येऊन मोठा हॉर्न दिला की माणूस वळून बघतो. आपल्याकडे गाडी उजवीकडून येते म्हणून तो उजव्या खांद्यावरून बघतो. मान उजवीकडे वळली की खांदा वळतो आणि हँडलही थोडं तिकडेच जातं. म्हणजे ज्याला बाजूला हो म्हणून सांगितलं त्याला आपणच आपल्या बंपरपुढे ओढून घेतो. द्यायचाच तर लांबून, बारीक, एकदा. जवळ आल्यावर हॉर्नला काही अर्थ उरत नाही, तिथे ब्रेकच.

सायकलवाल्याकडूनही एक गोष्ट राहिली. बाहेर येण्याआधी त्यानं मागे बघून उजवा हात दाखवायला हवा होता. जुन्या दूधवाल्यांचा हात आपोआप निघायचा. आता हँडलवर मोबाईल लावलेला असतो आणि हात त्यावरच असतो.

तुम्ही बीकेसीत काम करता म्हणून एक आठवण. तिथे काही वर्षांपूर्वी खास सायकल ट्रॅक बांधले होते. त्यांच्यावर सायकलींपेक्षा गाड्याच जास्त उभ्या राहिल्या. वाहन चालवण्याचे २०१७ चे जे केंद्रीय नियम आहेत त्यांत फुटपाथ आणि झेब्रा यांच्या जोडीनं सायकल ट्रॅकवरही पार्किंगला मनाई आहे. पायी जाणारे, सायकलवाले, लहान मुलं, म्हातारी माणसं यांना विशेष जपा असंही त्याच नियमांत ड्रायव्हरला सांगितलंय. पण मला कुणी ‘सायकलवाल्यांना ट्रॅक दिला तरी वापरत नाहीत’ म्हणालं की मी विचारतो, तुम्ही गाडी कुठे लावता?

प्रश्न : रविवारी पहाटे हेल्मेट, चष्मे आणि घट्ट कपड्यांतले सायकलवाले तीन-तीनच्या रांगा करून हायवे अडवतात. यांच्यावर कुणाचा अंकुश नाही का?
एक वाचक, विक्रोळी

तीनची रांग चूक. गप्पा मारायच्या असतील तर चहाच्या टपरीवर मारा, पूर्व द्रुतगती महामार्ग ही त्यासाठीची जागा नाही. एकामागे एक चाला, फार तर पुढे जाण्यापुरती दोनची रांग.

पण दादा, त्याच पहाटे त्याच रस्त्यावर लोखंडी कॅरिअरला पावाची टोपली बांधलेला माणूस असतो, दुधाच्या पिशव्यांचे क्रेट लावलेला असतो. थोड्या वेळानं डोक्याएवढं भांडं मागे बांधून इडलीवाला निघतो, आणि स्टेशनाबाहेर डबेवाले हँडलच्या दोन्ही बाजूंना डबे अडकवून निघतात. मुंबईतला खरा सायकलवाला हा. तो रांगा करत नाही, त्याच्याकडे हेल्मेट नाही, आणि त्याच्याबद्दल तक्रारीचं एकही पत्र आलं नाही. तो कुणाला दिसतच नाही, आणि काळजी त्याचीच आहे.

रविवारचे प्रयोग होऊन गेले. २०१७ च्या अखेरीस नरिमन पॉइंट ते वरळी रविवार सकाळची सायकल मार्गिका झाली, २०२२ मध्ये पोलिसांनी ‘संडे स्ट्रीट्स’ केले, म्हणजे रविवारी सकाळी काही रस्ते गाड्यांना बंद ठेवले. मजा आली, पोरं खेळली. पाववाल्याला मात्र रस्ता सोमवारीही लागतो.

प्रश्न : सायकल घेऊन वांद्रे-वरळी सी लिंकवरून जाता येतं का?
एक वाचक, खार

नाही. सायकल नाही, स्कूटर नाही, रिक्षा नाही, पायीही नाही. पूर्व मुक्त मार्गावर आणि कोस्टल रोडच्या गाड्यांच्या मार्गावरही सायकलला आणि दुचाकीला मनाई आहे. तुम्ही माहीम कॉजवेनंच जायचं. म्हणजे वेगवान गाड्यांना वेगळे रस्ते मिळाले, आणि जुन्या रस्त्यावर उरलेले सगळे : बस, टॅक्सी, टेम्पो, हातगाडी आणि तुम्ही. तिथे संध्याकाळी सातच्या सुमारास जायचं टाळा.

प्रश्न : माझा मुलगा अकरावीत आहे. हिंदमाताहून माटुंग्याला क्लासला सायकलनं जातो. गेल्या आठवड्यात सिग्नल सुटल्यावर एका कंपनीची स्टाफ बस डावीकडे वळली आणि तो बस आणि फुटपाथ यांच्यामध्ये सापडला. सायकल सोडून त्यानं फुटपाथवर उडी मारली म्हणून वाचला. मागच्या चाकाखाली सायकलची रिम वाकली. ड्रायव्हर म्हणतो, मला दिसलाच नाही. हे खरं असू शकतं? मुलाची सायकल बंद करू का?
एक आई, परळ

ताई, खरं असू शकतं. आणि म्हणूनच हे पत्र सगळ्यांत महत्त्वाचं आहे.

मोठ्या बसच्या सीटवर बसलं की डाव्या बाजूचा, दाराच्या थोडा पुढचा आणि थोडा मागचा भाग ड्रायव्हरला नीट दिसत नाही. आरसा असतो, पण आरशाच्या खाली आणि मधे एक जागा राहतेच. त्यात सायकलवर बसलेल्या मुलाचं डोकं बरोबर मावतं. मुलाला एक खूण शिकवा : बसच्या आरशात तुला ड्रायव्हरचं तोंड दिसत नसेल, तर त्यालाही तू दिसत नाहीस. तिथे उभं राहायचं नाही.

दुसरी गोष्ट बसच्या मागच्या चाकाची. लोकांना वाटतं, पुढचं चाक जिथून गेलं तिथूनच मागचं जाणार. तसं होत नाही. बारा मीटरच्या बसचं मागचं चाक पुढच्या चाकापासून पाच-सहा मीटर मागे असतं, आणि वळताना ते आतून कापत जातं. घट्ट डाव्या वळणात ते पुढच्या चाकाच्या रेषेच्या एक-दीड मीटर आत सहज येतं. म्हणून डावीकडे वळण्याआधी मोठी गाडी थोडी उजवीकडे घ्यावी लागते. तेव्हा डावीकडे जी मोकळी जागा दिसते ती सायकलवाल्याला आमंत्रण वाटते. ती जागा त्याच्यासाठी नसते, मागच्या चाकासाठी असते. तुमच्या मुलाला ती मोकळी दिसली म्हणून तो आत शिरला, आणि पाच सेकंदांनी ती तिथे नव्हती.

शिकवताना मी एक करायचो. नव्या ड्रायव्हरला डेपोत उभ्या बसच्या सीटवर बसवायचो, आणि दुसऱ्या पोराला सायकल धरून बसच्या डाव्या अंगानं हळूहळू चालायला लावायचो. ‘आता दिसतो?’ ‘दिसतो.’ ‘आता?’ ‘नाही.’ मग दोघांची अदलाबदल. सीटवर बसलेल्या सायकलवाल्याचं तोंड त्या वेळी बघण्यासारखं व्हायचं. ज्या कंपन्या स्टाफ बस चालवतात त्यांनी हे एकदा आपल्या आवारात करून बघावं, खर्च काही नाही. आणि हे ऐकून त्या ड्रायव्हरची सुटका होत नाही. डावीकडे आपल्याला दिसत नाही हे त्याला ठाऊक असायला हवं, इंडिकेटर आधी लावून, आरसा बघून, चाल अगदी मंद करूनच वळायला हवं. कंपनीला लेखी कळवा : तारीख, वेळ, जागा, बसचा नंबर, वाकलेल्या रिमचा फोटो. तोंडी सांगितलेलं हवेत जातं.

मुलासाठी नियम तीनच. वळणाऱ्या मोठ्या गाडीच्या डावीकडून कधीच पुढे जायचं नाही. स्टॉपवर उभ्या बसच्या डावीकडून जायचं नाही, तिथे माणसं उतरतात. आणि सिग्नलला एकतर बसच्या मागे थांबायचं, नाहीतर इतकं पुढे की ड्रायव्हरला पाठ पूर्ण दिसेल. अधल्यामधल्या जागी नाही.

आंबेडकर रोडवर बस आणि सायकल यांचा एक खेळ चालतो तोही त्याला सांगा. बस सायकलला मागे टाकते, स्टॉपवर थांबते, सायकल तिला मागे टाकते, बस निघते आणि पुन्हा मागे टाकते. हिंदमातापासून किंग्ज सर्कलपर्यंत तीच बस, तीच सायकल, आणि दर वेळी दोघांनाही वाटतं की समोरचा मुद्दाम करतोय. दोघांचा सरासरी वेग सारखाच असतो, एवढंच. एका स्टॉपवर सायकलवाल्यानं अर्धा मिनिट बसच्या मागे राहिलं की खेळ संपतो. इलेक्ट्रिक बस असेल तर आणखी सावध राहायचं, जुन्या डिझेल बसचा धडधडाट मागून कळायचा, ही कळत नाही. कानात इअरफोन असतील तर ते काढून टाका, हे मात्र सक्तीनं.

सायकल बंद करू नका. रस्ता बदला. आंबेडकर रोड सोडून नायगावातून आत शिरायचं, दादर पारशी कॉलनी, फाइव्ह गार्डन, तिथून माटुंगा. चार-पाच मिनिटं जास्त लागतील. सावली आहे, मोठ्या गाड्या कमी. सकाळी चालायला येणारी आजी-आजोबा मंडळी मात्र रस्त्याच्या मधून चालतात. तिथे घंटी वाजवायची, आणि ओरडा त्यानंच खायचा.

प्रश्न : मी टेम्पो चालवतो, रात्रीचा माल असतो. उलट्या दिशेनं, बिनदिव्याची सायकल अंगावर येते. आम्ही काय करायचं?
एक वाचक, कुर्ला

तुमची तक्रार शंभर टक्के बरोबर. तुम्ही चाळीसनं आणि तो पंधरानं समोरून, म्हणजे तुमच्यासाठी तो पंचावन्ननं येतोय. चाळीसनं जाताना सेकंदाला अकरा मीटर रस्ता संपतो, आणि डोळ्याला दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद गेलेला असतो.

तो उलटा का येतो, हेही सांगतो. मधला दुभाजक लांबच लांब अखंड असतो. समोरच्या गल्लीत जायला त्याला पुढे जाऊन वळून परत यावं लागतं, तेही पायांच्या जोरावर, पाठीवर माल घेऊन. तुम्ही ॲक्सिलरेटर दाबता, तो मांड्या दाबतो. कारण समजतं, तरी माफ करता येत नाही. सायकलवाले वाचत असतील तर ऐका : उलट जायचंच असेल तर उतरा आणि कडेनं ढकलत न्या.

दिव्याचं म्हणाल तर आमच्या तरुणपणी बिनदिव्याची सायकल आणि डबल सीट या दोन गोष्टींसाठी हवालदार अडवायचे, चाकातली हवा सोडायचे. जाच वाटायचा. आता कुणी विचारत नाही. मागच्या मडगार्डला लाल रिफ्लेक्टर आणि पुढे एक साधा चार्जिंगचा दिवा, एवढं सायकलच्या दुकानात अगदी स्वस्तात मिळतं. तुमच्याकडूनही एक गोष्ट हवी. शहरात अप्पर, म्हणजे लांबवर पडणारा प्रखर दिवा, लावून चालवू नका. समोरच्याचे डोळे दिपले की त्याला खड्डा दिसत नाही आणि तो तुमच्याच बाजूला येतो.

प्रश्न : माझे मिस्टर सायकलवरून दूध टाकतात. तीन आठवड्यांपूर्वी पहाटे रस्त्याकडेला उभ्या असलेल्या गाडीतल्या साहेबांनी मागे न बघता दार उघडलं. हे पडले, मनगट मोडलं, दूध सांडलं. साहेबांनी पाचशेची नोट हातात ठेवली आणि गेले. एका इडलीवाल्यानं गाडीचा नंबर लिहून घेतला. आता लोक म्हणतात, पैसे घेतले म्हणजे मिटलं, आणि गाडी तर उभी होती, केस होत नाही. खरं का?
एक वाचक, लालबाग

दोन्ही खोटं, ताई.

पाचशे रुपये हातात ठेवल्यानं हक्क संपत नाही, तुम्ही कुठल्या कागदावर सही केलेली नाही. आणि गाडी उभी होती म्हणून सुटका नाही. १९८७ साली महाराष्ट्रातच राष्ट्रीय महामार्ग ४ वर एक पेट्रोल टँकर उलटून पडला होता आणि काही तासांनी त्याचा स्फोट झाला. गाडी तर चालत नव्हती, असा युक्तिवाद झाला. सर्वोच्च न्यायालयानं १९९१ मध्ये सांगितलं की थांबलेली गाडीही ‘वाहनाच्या वापरात’ येऊ शकते. दार उघडणं हा तर गाडीचा वापरच.

जखमी झालेल्याला दवाखान्यात नेणं आणि पोलिसांना कळवणं ही मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४ नुसार ड्रायव्हरची जबाबदारी आहे. त्यानं ती टाळली, हे तक्रारीत स्पष्ट लिहा. अपघात झाला त्या हद्दीच्या पोलीस ठाण्यात आजच जा. तीन आठवडे का लागले ते सरळ सांगा : हात प्लास्टरमध्ये होता, माहिती नव्हती. ज्या रुग्णालयात प्लास्टर घातलं तिथला केसपेपर आणि एक्स-रे सोबत न्या. ‘सायकलवरून पडलो’ एवढंच कागदावर लिहिलं असेल तर दाराचं तुमच्या जबाबात आलं पाहिजे. इडलीवाल्याला साक्षीला न्या. तो घाबरेल. त्याला सांगा की अपघातात निःस्वार्थ मदत करणाऱ्याला त्रास होऊ नये म्हणून २०१९ च्या दुरुस्तीनं कायद्यात १३४-अ हे कलमच घातलंय.

भरपाईसाठी मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे अर्ज करायचा. मुदत अपघातापासून सहा महिने, ही अट १ एप्रिल २०२२ पासून लागू आहे, म्हणून ‘दिवाळीनंतर बघू’ करू नका. प्रत्येक गाडीला त्रयस्थ व्यक्तीसाठीचा विमा सक्तीचा असतो, त्यामुळे पैसे बहुधा विमा कंपनी भरेल. गाडीचा विमा कुठला आहे हे नंबरवरून एम-परिवहन ॲपमध्ये पाहता येतं. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे मोफत वकिलासाठी अर्ज करता येतो. महिलांना तिथे उत्पन्नाची अटही नाही, पण अर्ज मिस्टरांच्या नावानं असेल, तेव्हा उत्पन्नाचा दाखला काढून ठेवा.

तिथे पहिला प्रश्न येईल तो कमाईचा. पगाराची स्लिप नाही म्हणून घाबरू नका. तुमच्याकडे दुधाची वही असेल, घरोघरचे लिटर आणि महिन्याचा हिशेब लिहिलेली. तीच पुरावा. अपघाताआधीचे सहा महिने आणि नंतरचे हे तीन आठवडे, दोन्ही पानांच्या झेरॉक्स काढा. बदली मुलगा ठेवला असेल तर त्याला दिलेल्या पैशांची नोंद त्याच वहीत करा, तारखेसकट, आणि त्याची सही घ्या. सायकल दुरुस्तीचं बिल, सांडलेल्या दुधाचा हिशेब, रिक्षाचं भाडं, सगळं एका पिशवीत. मूळ कागद कुणालाही देऊ नका, पोलिसांनी मागितले तरी पोच घेऊनच द्या.